‘बालबोध’मधला एक लेख आणि सांखवाळचा वाचक



रोवणीची कामं आटोपली की आमच्याकडे पारशिवनीत पालकसभेला जरा माणसं दिसतात. या वर्षी सभा संपल्यावर एक वडील मागे थांबले. पेंचच्या कालव्याखाली त्यांची थोडी धानाची शेती आहे. मुलगी सहावीत. त्यांची तक्रार अशी की पोरगी दिवसभर काही ना काही वाचत बसते. ‘किशोर’चे जुने अंक वाचते, किराणा बांधून आलेला पेपर वाचते, मोठ्या भावाचं इतिहासाचं पुस्तकही वाचते. पण स्कॉलरशिपच्या सराव प्रश्नपत्रिकेला हात लावत नाही. अशा वाचनाचा उपयोग काय, एवढंच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. शब्दसंपत्ती वाढते, आकलन सुधारतं, पुढे मार्कांनाही फायदा होतो. त्यांनी मान डोलावली. पण त्यांचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. वाचनाचा उपयोग आपण नेहमी अभ्यासाच्या मापानंच मोजून दाखवतो. ज्यांचं सगळं आयुष्यच वाचनानं उलटंपालटं केलं, त्यांच्या गोष्टी आपण पालकांना सांगत नाही. त्या सांगायला अवघडही असतात.

घरी आल्यावर कपाटातून धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ काढलं. हे त्यांचं आत्मचरित्र १९२४ साली पुस्तकरूपानं आलं. डी.एड.ला असताना मी ते एकदा वाचलं होतं, पण तेव्हा फक्त प्रवासवर्णन म्हणून. या वेळी वाचलं ते त्या वडिलांचा प्रश्न डोक्यात ठेवून. त्यामुळे आजचा लेख कोसंबींच्या चरित्राचा असला तरी मी तो एका वाचकाचं चरित्र म्हणून सांगणार आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. वडिलांचं नाव दामोदर. घर सारस्वत ब्राह्मणाचं, उपजीविका नारळाच्या बागायतीवर. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. सरकारची भाषा पोर्तुगीज, घरात बोलायची कोंकणी, आणि लिहायची-वाचायची मराठी, अशी तिथल्या हिंदू घरांची तीन भाषांची कसरत होती. मराठी शाळा म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या खर्चानं एखादा मास्तर आणून चालवलेली शाळा. मास्तर असला तर शाळा, नसला तर सुट्टी. त्यातून हा मुलगा लहानपणी वरचेवर आजारी पडणारा. मग शिक्षणाची काय कथा! शाळा अशी त्याची धड झालीच नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात नाव यावं असा हा मुलगा.

पण अक्षरं ओळखता येत होती आणि मराठी वाचता येत होतं. तेवढ्या शिदोरीवर तो हाताला लागेल ते वाचत राहिला. तुकोबांचे अभंग त्याच्या वाचनात आले. पुण्या-मुंबईहून येणारी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं मित्रमंडळींकडून मिळतील तशी वाचली. आपण आज वाचनकोपरा करतो, भिंतीवर गोष्टी चिकटवतो, वाचन तास घेतो. सांखवाळला यातलं काही नव्हतं. पुस्तक मिळणं हीच मुळात मोठी गोष्ट होती, आणि मिळालेलं पुस्तक परत करायच्या आधी संपवायचं असे. वाचलेलं पुन्हा वाचायचं, कारण दुसरं काही हाताशी नाही.

पंधराव्या वर्षाच्या आसपास, १८९१ मध्ये, लग्न झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. मग संसार आला, नारळाच्या बागेची देखरेख आली. शिकायचं राहून गेलं ही टोचणी मात्र जात नव्हती. संस्कृत शिकायची फार इच्छा होती. त्यासाठी एक-दोनदा घर सोडून जाऊनही पाहिलं, पण काही जमलं नाही आणि परत यावं लागलं. घरच्यांना हा मुलगा कसा दिसत असेल याची कल्पना करून पाहा. शेतीत लक्ष नाही, कमाईचं नाव नाही, डोक्यात पुस्तकं. आपल्या गावात अशा मुलाला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

आता येतो तो लेख.

मुंबईत विनायक कोंडदेव ओक नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षण खात्यात नोकरी केलेले. त्यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी ‘बालबोध’ नावाचं मासिक सुरू केलं आणि १९१४ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षं, चालवलं. अंकाची ठेवण ठरलेली असे. एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र, एक कविता, एक निबंध, शास्त्रीय विषयावर काही माहिती आणि किरकोळ मजकूर. बहुतेक मजकूर ओक स्वतःच लिहीत. भाषा सोपी, छोट्या वाक्यांची. ‘बालबोध’ हे नावही मला फार आवडतं. मोडीच्या काळात देवनागरी लिपीला आपल्याकडे बालबोध लिपीच म्हणत. लहानग्यालाही कळावी अशी ती लिपी, आणि तसंच हे मासिक.

या मासिकाच्या एका अंकात गौतम बुद्धाची थोडक्यात माहिती आली होती. चरित्रांच्या मालिकेतलं आणखी एक चरित्र, एवढंच त्याचं स्वरूप. तो अंक सांखवाळच्या या तरुणाच्या हाती पडला. आता बघा, मासिक मुलांचं, पण वाचणारा लग्न झालेला, विशीच्या आसपासचा माणूस. आपल्याकडे आठवीच्या मुलानं चौथीचं पुस्तक हातात घेतलं तर आपण त्याला हसतो, मीही हसलो आहे. कोसंबींना मात्र त्यात काही कमीपणा वाटला नाही. आपल्याला समजेल अशा भाषेत जे समोर आलं ते त्यांनी वाचलं आणि ते त्यांच्या मनात रुतून बसलं. राजवाडा, बायको, नुकतंच जन्मलेलं मूल सोडून दुःखाचं मूळ शोधायला निघालेला माणूस त्यांना आपला वाटला. सगळी संकटं सोसावी लागली तरी बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

ओक मास्तरांनी तो अंक छापायला दिला तेव्हा त्यांच्यासमोर पुण्या-मुंबईच्या शाळेतली मुलं असणार. नारळाच्या बागेत बसलेला हा वाचक त्यांच्या हिशेबात कुठून असणार? नागपूरकरांना तर याच तऱ्हेची दुसरी गोष्ट माहीत असायला हवी. कृष्णराव अर्जुन केळूसकर हेही मुंबईतले एक शिक्षक. त्यांनी १८९८ मध्ये मराठीत गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं. पुढे १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्कारात केळूसकर गुरुजींनी ते पुस्तक त्याला भेट दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपुरात काय घडलं ते मी सांगायला नको. दोघंही मराठी मास्तर, आणि दोघांचंही लेखन तसं साधंच.

असो. कोसंबींकडे वळू.

वडील गेल्यानंतर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी घर सोडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची पहिली मुलगी माणिक जन्मली होती. म्हणजे ‘बालबोध’मध्ये वाचलेल्या गोष्टीतला प्रसंग जसाच्या तसा त्यांनी आपल्या घरात घडवला. हा भाग वाचताना या वेळी मी पुस्तक मिटून ठेवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अविवाहित होतो, मला ते धाडस वाटलं होतं. आता घरात लहान लेक आहे. बाळंतीण बायको आणि तान्ही पोर घरी ठेवून विद्येसाठी निघून जाणाऱ्या माणसाला नमस्कार करावा की जाब विचारावा, हे मला ठरवता येत नाही. कोसंबींनी स्वतः ही गोष्ट लपवलेली नाही, सजवलेलीही नाही. पुस्तकभर त्यांचा स्वर असाच आहे. जे केलं ते सांगायचं, स्वतःची फुशारकी नाही आणि रडगाणंही नाही.

पहिला मुक्काम पुणे. हेतू संस्कृत शिकण्याचा. खिशात पैसे नाहीत, ओळखी बेताच्या. पुढे ग्वाल्हेर आणि तिथून काशी. काशीत ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रं होती, तिथं एक वेळचं जेवण मिळे. त्यावर राहून गुरूंकडे संस्कृताचे पाठ घ्यायचे. हिवाळ्यात पुरेसं पांघरूण नाही, पोटात धड अन्न नाही, आणि पाठांतर चालूच. संस्कृत येईना तोवर बौद्ध ग्रंथांपर्यंत पोहोचता येणार नाही अशी त्यांची समजूत होती, म्हणून हा खटाटोप. याच वर्षांमध्ये कधीतरी त्यांच्या हाती बुद्धाचं आणखी एक मराठी चरित्र आलं, एडविन आर्नोल्डच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्यावरून केलेलं. पोथीचं पारायण करावं तसं त्यांनी ते वाचलं.

१९०२ मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धाचा जन्म त्या मुलखातला, तेव्हा त्याचा धर्म तिथं भेटेल अशी आशा. प्रत्यक्षात तिथली स्थिती पाहून ते निराश झाले. तिथून बोधगयेला आले, तर तिथं एका भिक्षूकडून कळलं की हे शिकायचं असेल तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जायला हवं. झालं, निघाले. कोलकात्यात महाबोधी सभेच्या लोकांची मदत झाली आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पोहोचले. तिथं त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला.

इथं आपल्या, म्हणजे लिहायला-वाचायला शिकवणाऱ्यांच्या, कामाची एक गोष्ट आहे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेतले बौद्ध ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशातले ब्रह्मी लोकांच्या लिपीत, युरोपात छापलेले रोमन लिपीत. आणि ज्या देशात बुद्ध जन्मला, फिरला, वारला, तिथल्या देवनागरीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे एकच ग्रंथ वाचायचा तर कोसंबींना आधी परक्या देशाची लिपी अक्षर-अक्षर गिरवावी लागली. पंचविशी ओलांडलेला माणूस पुन्हा पहिलीत बसला असं समजा. लंकेनंतर ब्रह्मदेशात गेल्यावर दुसरी लिपी. तिथल्या विहारांत राहिले, ध्यान केलं, तापानं आजारीही पडले. मधल्या काळात भारतात येऊन सारनाथ, कुशिनारा अशी ठिकाणं पाहिली, त्यातला बराच प्रवास पायी. इंग्रजी तर त्यांनी असंच वाटेत, जमेल तसं, ज्याच्या त्याच्याकडून उचललं. शाळेचा दाखला एकही नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते याच भागानं. आपल्या वर्गात एखाद्या मुलाला जोडाक्षरं जमत नाहीत म्हणून आपण त्याला मागच्या बाकावर सोडून देतो. कोसंबींना लिपी हा अडसर वाटत नव्हता, कारण लिपीच्या पलीकडे काय आहे ते त्यांना हवं होतं. आमच्याकडचं एक उदाहरण देतो. जवळच्या मनसरच्या टेकडीवर उत्खननात निघालेले जुने अवशेष आहेत. वाकाटकांच्या काळचे म्हणतात, लोक नागार्जुनाचंही नाव जोडतात. तिथं सहलीला नेलेल्या मुलांपैकी ज्याला वाचनाचा सगळ्यात कंटाळा, तोच माहितीच्या फलकासमोर उभा राहून एकेक शब्द जुळवत होता. त्याला हवं होतं ना ते! मी फलक वाचून दाखवायला पुढे झालो, तर त्यानं मला हातानंच थांबवलं.

१९०६ च्या सुरुवातीला कोसंबी कोलकात्याला आले. तिथं स्वदेशी चळवळीतून राष्ट्रीय महाविद्यालय निघालं होतं, त्यात ते पाली शिकवू लागले. चीवर उतरवलं. पुढे कोलकाता विद्यापीठातही पालीच्या अध्यापनाचं काम मिळालं. आणि याच वर्षी ते गोव्याला घरी गेले. सहा-सात वर्षांनी. माणिक तोवर सात वर्षांची होत आली होती. बाळाबाईंना घेऊन ते कोलकात्याला परतले. १९०७ मध्ये मुलगा झाला, त्याला आजोबांचं नाव ठेवलं, दामोदर. पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर नाव झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच.

कोलकात्यात नोकरी पक्की होती, मानही होता. पण मनात एकच. आपल्या मराठी लोकांना बुद्ध कळला पाहिजे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी तेव्हा त्यांच्यासमोर एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात कुठंही राहा, तीन वर्षं दरमहा ५० रुपये मिळतील, बदल्यात दरवर्षी एक पुस्तक तयार करून द्यायचं. विद्यापीठाचा पगार याहून कितीतरी जास्त होता. कोसंबींनी पन्नास रुपये निवडले. आपल्याला वेतन आयोग माहीत आहेत, त्यामुळे या निवडीचं वजन वेगळं सांगायला नको. घरी मात्र बायको-मुलांना या निवडीचा भार पुन्हा उचलावा लागला असणार. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांचं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटं पुस्तक १९१० मध्ये निघालं. सोपी भाषा, छोटी वाक्यं. ते चाळताना मला राहून राहून ओकांचं ‘बालबोध’च आठवलं. आपल्याला ज्या भाषेत मिळालं त्याच भाषेत पुढं दिलं.

त्यानंतरचं आयुष्य घडामोडींनी भरलेलं आहे, मी ते भरभर सांगतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असताना कोसंबींकडे पाली शिकले. त्यांच्यामुळे १९१० मध्ये हार्वर्डला जाणं झालं. तिथं ‘विसुद्धिमग्ग’ या थोर पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती तयार करायचं काम अर्धवट पडलं होतं, कारण ते सुरू करणारे हेन्री वॉरन वारले होते. ते काम कोसंबींनी हाती घेतलं. श्रेयावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, १९१२ मध्ये ते परत आले, पुढे पुन्हा अनेकदा गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत प्रसिद्ध व्हायला १९५० साल उजाडलं, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. पण त्याआधी १९४० मध्येच त्यांची देवनागरीतली आवृत्ती भारतीय विद्या भवनानं काढली होती. लिप्यांचा जो डोंगर त्यांना चढावा लागला, तो पुढच्या विद्यार्थ्यांना चढावा लागू नये अशी सोय त्यांनी करून ठेवली. मला विचाराल तर एवढ्या सगळ्या कामांत मला हेच थोर वाटतं.

१९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. ज्याची शाळाच झाली नाही तो कॉलेजात शिकवतोय! पु. वि. बापट, ना. के. भागवत असे पुढे नावाजलेले पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखालून गेले. मग अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, १९२९ मध्ये रशियातलं लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, १९३७ मध्ये मुंबईत परळला कामगार वस्तीत बहुजन विहार. आणि लेखन तर अखंड. त्यांचं ‘भगवान बुद्ध’ हे सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९४०-४१ मध्ये दोन भागांत निघालं, ते नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाकडून. पुढे साहित्य अकादमीनं ते इतर भारतीय भाषांमध्ये नेलं. या पुस्तकात त्यांनी बुद्धाच्या गृहत्यागाची नेहमीची कथा, म्हणजे म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलं आणि रात्री गुपचूप निघून गेला ही कथा, जुन्या पाली ग्रंथांशी ताडून पाहिली आणि ती मान्य केली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या पाण्याच्या भांडणाशी त्यांनी तो प्रश्न जोडला. तरुणपणी ज्या चरित्रावर भाळून घर सोडलं, त्याच चरित्रातला मुख्य प्रसंग पासष्टीच्या उंबरठ्यावर तपासून खोडून काढायचा. असा वाचक सहज घडत नाही.

शेवट आपल्या अगदी जवळ झाला, वर्ध्याजवळ सेवाग्रामला. पारशिवनीहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. शरीर आजारांनी थकलं होतं. जैन परंपरेतल्या सल्लेखनेचा त्यांनी अभ्यास केला होता. आता आपल्या हातून काही काम होत नाही, तेव्हा दुसऱ्यांवर भार होऊन राहायचं नाही, असं ठरवून त्यांनी अन्न सोडलं. आधी एकदा असाच उपवास त्यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून सोडला होता. या वेळी सोडला नाही. ४ जून १९४७ रोजी ते गेले. मुलांना हा भाग सांगावा की नाही याचा मी बराच विचार केला. सहावीच्या मुलांना मी सांगत नाही. तुम्ही शिक्षक आणि पालक आहात म्हणून इथे लिहिलं.

तर त्या वडिलांचं काय झालं? मी ‘निवेदन’ त्यांच्याकडे दिलं. शाळेच्या रजिस्टरवर नोंद केली नाही, पुस्तक माझं स्वतःचं. देताना मनात धाकधूक होती. वाचनाचा उपयोग विचारणाऱ्या बापाच्या हाती मी अशा माणसाचं पुस्तक देत होतो जो वाचून घर सोडून गेला! पण माझ्याकडे यापेक्षा खरं उत्तर नव्हतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या शाळेत पुस्तकांचं कपाट फाटतील म्हणून कुलूपबंद ठेवायचे, आणि नवा असल्यामुळे मी कधी ते कुलूप काढायला सांगितलं नाही. ती टोचणी अजून आहे. त्यामुळे आता पुस्तक द्यायचं की नाही असा प्रश्न पडला की मी देऊन टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तक परत आलं. आणून दिलं ते आईनं. वडिलांना वाचायला वेळ झाला नव्हता. मुलीनंच रोज रात्री जेवणं झाल्यावर थोडं थोडं मोठ्यानं वाचलं आणि घरानं ऐकलं. वडिलांना पन्नास रुपयांचा भाग पटला नाही म्हणे. मुलीला लिप्यांचा भाग आवडला, तिनं वहीवर स्वतःची एक लिपी तयार केली आहे. आईला मात्र काही वेगळंच विचारायचं होतं. एवढी वर्षं त्या बाळाबाईचं कसं निघालं असेल जी, तान्ही पोर घेऊन?

मी जे ठाऊक होतं ते सांगितलं. पुढे संसार झाला, एकूण चार मुलं झाली. कोसंबी १९१८ मध्ये हार्वर्डला गेले तेव्हा माणिकला आणि दामोदरला सोबत घेऊन गेले. ज्या लेकीला तान्ही असताना सोडलं होतं, तिला अमेरिकेत शिकवलं. आणि दामोदरांची मुलगी मीरा कोसंबी, स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रातल्या मोठ्या अभ्यासक, यांनी आजोबांचं हे आत्मचरित्र इंग्रजीत नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पण हे सगळं नवऱ्याचं, लेकीचं आणि नातीचं झालं. त्यांनी विचारलं होतं बाळाबाईचं.

मग मला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आठवलं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, असेच पुन्हा पुन्हा घर सोडून जाणारे, धर्माच्या शोधात असलेले. दोघं काही काळ आपल्या नागपुरातही होते. फरक एवढाच की तिथं मागे राहिलेल्या बाईनं स्वतः लिहिलं. शाळेच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत आहे. मी ती काढून दिली आणि मुलीच्या नावावर नोंद केली. पुस्तक जाड आहे, धान निघायचे दिवस आहेत, तेव्हा बाईंनी परत करायला दोन महिने मागून घेतले आहेत.